कँटोनीज कुठून शिकायची?

भाषा शिकवणाऱ्या बहुतेक अ‍ॅपांत ‘चायनीज’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की मँडरिन सुरू होते. हाँगकाँगच्या मंडईत, ग्वांगझौच्या चहाघरांत, क्वालालंपूर-इपोहच्या खाऊगल्ल्यांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या चायनाटाउनमध्ये जी कँटोनीज ऐकू येते, ती त्या बटणामागे नसते. पुस्तकांच्या दुकानातही तीच तऱ्हा. ‘चिनी भाषा’ लिहिलेल्या फळीवरची पुस्तकं चाळत गेलात तर एकामागून एक मँडरिनचीच निघतात.

ही काही मूठभर लोकांची, डोंगरात दडून राहिलेली बोली नव्हे. कँटोनीज ज्या युए भाषासमूहातली प्रमुख भाषा, त्या समूहाचे भाषक आठ कोटींच्या वर आहेत. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे डोकी मोजायची तर आपण आणि ते जवळपास बरोबरीचे. हाँगकाँगच्या २०२१ च्या जनगणनेत पाच वर्षं आणि त्यावरच्या ८८.२ टक्के लोकांनी रोजच्या बोलण्याची भाषा म्हणून कँटोनीजचं नाव सांगितलं. या भाषेत कोर्टात साक्षी होतात, शेअरबाजाराच्या बातम्या सांगितल्या जातात, सिनेमे निघतात, गाणी गाजतात. तरीही संगणकाच्या जगात भाषांना जे दोन अक्षरी संकेत दिलेले असतात, त्यात मराठीला स्वतःचा संकेत आहे, कँटोनीजला नाही. तिची गणना ‘चिनी’त. वेगळी ओळख हवी असेल तर तीन अक्षरी संकेतांच्या लांबलचक यादीत शोधावं लागतं. बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट. पण सॉफ्टवेअरमधल्या भाषांच्या याद्या अशा संकेतांवर बेतलेल्या असतात आणि मग कँटोनीज त्यात येतच नाही.

पुढच्या पानांत कँटोनीज शिकायला उपयोगी पडतील अशा साधनांची ओळख करून दिली आहे. त्यात शिरण्याआधी ही साधनं अशी विखुरलेली का, हे ध्यानात घेतलं तर निवड सोपी जाईल, म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना. माझं म्हणणं असं की कँटोनीजच्या सामग्रीचा दुष्काळ नाही. शिकणाऱ्याला समोर ठेवून केलेली सामग्री मात्र थोडी आहे. बाकीची पाद्र्यांसाठी, ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी, अमेरिकी वकिलातीसाठी, भाषाशास्त्रज्ञांसाठी किंवा नुसत्या करमणुकीसाठी तयार झाली. तेव्हा कुठलंही साधन हातात घेतलं की हे मुळात कोणासाठी केलं होतं, हे आधी विचारावं. या एका प्रश्नानं पुष्कळ वेळ वाचतो.

खरी गोम लेखनात आहे. हाँगकाँगचं मूल शाळेत जी चिनी लिहायला शिकतं, तिचं व्याकरण आणि शब्द मँडरिनच्या वळणाचे असतात. ती अक्षरं ते कँटोनीज उच्चारांनी वाचतं. घरी मात्र वेगळं बोलतं. ‘तो नव्हे’ एवढं साधं म्हणायचं तर ते मूल आईला सांगेल, ‘खोय म् हइ’. तेच वहीत लिहिताना ते तीन निराळी अक्षरं लिहील आणि बाईंनी मोठ्यानं वाचायला सांगितलं तर वाचेल, ‘था पत् सी’. तीन शब्दांतला एकही जुळत नाही. हे दुसरं वाक्य मंडईत कुणी बोलत नाही आणि पहिलं निबंधात लिहिलं तर गुण कापले जातात. अहिराणी किंवा मालवणी बोलणारं आपलं पोर शाळेत प्रमाण मराठी लिहितं त्याची इथे आठवण होईल. पण आपल्याकडे बाई वर्गात बोलतानाही साधारण तीच प्रमाण भाषा बोलतात. हाँगकाँगमध्ये बाईही बोलताना ‘खोय म् हइ’च म्हणतात.

याचे परिणाम शिकणाऱ्याला पावलोपावली भोगावे लागतात. कोरियन किंवा स्पॅनिश शिकणारी मंडळी मालिका लावतात, खाली त्याच भाषेतली उपशीर्षकं ठेवतात आणि ऐकत-वाचत पुढे जातात. हाँगकाँगच्या टीव्हीबी या वाहिनीकडे १९६७ पासूनच्या कँटोनीज मालिकांचा डोंगर आहे. पण उपशीर्षकं त्या लिखित चिनीत. कानावर पडतं ‘खोय’, पडद्यावर दिसतं ‘था’. चिनी अक्षरं येत असली तर गोंधळ आणखीच वाढतो, कारण डोळा कानाला चुकीचं ठरवू लागतो. वर्तमानपत्राचीही तीच गत. वाचून अर्थ कळेल, पण ते शब्द उचलून तुम्ही भाजीवाल्याशी बोलायला गेलात तर सरकारी परिपत्रक वाचून दाखवल्यासारखं होईल.

बोलली जाते तशी कँटोनीज लिहिलीच जात नाही असं मात्र नाही. जाहिरातींत, व्यंगचित्रांत, चटपटीत सदरांत आणि आता तर फोनवरच्या गप्पांत ती सर्रास लिहिली जाते. तिची स्वतःची म्हणून कित्येक अक्षरं आहेत. ती संगणकावर उमटावीत म्हणून हाँगकाँग सरकारनं १९९९ मध्ये एक पुरवणी अक्षरसंच जाहीर केला. २००६ पासून कँटोनीज विकिपीडिया आहे. तिथले लेख बोलल्यासारख्या भाषेत लिहिलेले असतात, म्हणून वाचनाच्या सरावाला मला ते वर्तमानपत्राहून बरे वाटतात. पण या लेखनाला शाळेचा आधार नाही. एकच शब्द तिघं तीन तऱ्हांनी लिहितात आणि कुणालाच चूक म्हणता येत नाही.

यंत्रालाही हेच कोडं पडलं. गूगल ट्रान्सलेटवर मराठी २०१३ मध्ये आली. कँटोनीजला २०२४ उजाडावं लागलं. तेव्हा गूगलनं सांगितलं होतं की ही सगळ्यात जास्त मागणी होणाऱ्या भाषांपैकी एक होती, पण लेखनात ती मँडरिनमध्ये मिसळून जात असल्यामुळे वेगळी काढून तिची सामग्री गोळा करणं अवघड गेलं. आजही भाषांतराची यंत्रं वापरताना हा धोका लक्षात ठेवावा. कँटोनीज मागितली तरी मधूनच लिखित चिनी सरकवली जाते आणि नवख्याला ते ओळखू येत नाही. वर दिलेल्या दोन वाक्यांवरून एक ढोबळ खूण मिळते: ‘नाही’साठी ‘म्’ आलं तर बोलभाषा, ‘पत्’ आलं तर बहुधा पुस्तकी.

आता थोडं मागे जाऊ, कारण जुनी पुस्तकं आजही इंटरनेटवर फुकट मिळतात आणि ती बघून शिकणारा हरखून जातो. रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्यानं कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझौच्या, बोलीचा शब्दसंग्रह १८२८ मध्ये छापला. तो छापला गेला मकावमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या छापखान्यात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३१ मध्ये, मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्याचा कर्ताही कंपनीच्याच फौजेतला अधिकारी. दोन्ही भाषांचे हे कोश असे एकाच कंपनीच्या आसऱ्यानं निघाले. पुढची वाट मात्र फुटली. मोल्सवर्थ अजून आपल्या कामाचा आहे, कारण त्यानंतर मराठी शाळेत गेली, कचेरीत गेली, तिचं व्याकरण, शुद्धलेखन, कोश यांची परंपरा उभी राहिली. कँटोनीजला ती संधी मिळाली नाही. तिच्या वाट्याला सुटी सुटी पुस्तकं आली. एलायजा ब्रिजमन यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक १८४१ चं, सॅम्युएल वेल्स विल्यम्स यांचा कोश १८५६ चा, जेम्स डायर बॉल यांचं ‘कँटोनीज मेड ईझी’ १८८३ चं. अभ्यासकाला ही पुस्तकं सोन्यासारखी आहेत. पण त्यातलं बोलणं मालकानं नोकराला आणि पाद्र्यानं श्रोत्याला उद्देशून केलेलं आहे. दीडशे वर्षांत उच्चारही हलले. यावरून बोलायला शिकू नये.

विसाव्या शतकात गिऱ्हाईक बदललं. हार्वर्डनं १९४७ मध्ये छापलेली युएन रेन चाओ यांची ‘कँटोनीज प्रायमर’ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी होती आणि बुद्धिमान माणसानं लिहिल्याच्या खुणा तिच्या पानापानावर आहेत. हाँगकाँगमध्ये सिडनी लाऊ यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता पुस्तकांची मालिका आणि १९७७ मध्ये एक उपयोगी कोश तयार केला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं १९७० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी ‘कँटोनीज बेसिक कोर्स’ काढला. सरकारी काम असल्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही. दोन्ही खंड आणि त्यांचं ध्वनिमुद्रण कुणालाही उतरवून घेता येतं. टेप जुन्या, आवाजात खरखर, विषय पन्नास वर्षांपूर्वीच्या वकिलातीतले. तरी मी नवख्याला आधी याच अभ्यासक्रमाकडे पाठवीन. कारण एक वाक्य घेऊन त्यातला एकेक शब्द बदलत ते पंधरा-वीस वेळा म्हणायला लावण्याची जी जुनी घोकंपट्टी त्यात आहे, ती चकचकीत अ‍ॅपांत सापडत नाही. कँटोनीजमध्ये सुरागणिक शब्दाचा अर्थ बदलतो आणि ते सूर तोंडात बसायला घोकंपट्टीला पर्याय नाही.

व्याकरणासाठी स्टीफन मॅथ्यूज आणि व्हर्जिनिया यिप यांचं ‘कँटोनीज : अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर’ (१९९४, सुधारित आवृत्ती २०११) हाताशी असावं. पहिल्या पानापासून वाचत जाण्याचं ते पुस्तक नव्हे. शंका आली की उघडायचं. बोलल्या जाणाऱ्या भाषेचं ते खरंखुरं वर्णन आहे. याच लेखकांची ‘बेसिक’ आणि ‘इंटरमीजिएट’ अशी दोन सरावपुस्तकंही आहेत. वर्गात बसून शिकायचं तर हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतलं भाषाकेंद्र १९६३ पासून परदेशी विद्यार्थ्यांना कँटोनीज शिकवत आलं आहे.

एवढी नावं वाचली की पुढचा घोळ समोर येतोच. यातलं प्रत्येक पुस्तक उच्चार रोमन लिपीत आपापल्या पद्धतीनं लिहितं. मिशनऱ्यांची पद्धत निराळी, चाओंची निराळी, सिडनी लाऊंची निराळी. येल पद्धत पुष्कळ पाठ्यपुस्तकांत आणि मॅथ्यूज-यिप यांच्या व्याकरणात. रस्त्यांच्या पाट्यांवरची सरकारी पद्धत आणखी निराळी, आणि तिच्यात सुरांची खूणच नाही. १९९३ मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळानं ‘यूतपिंग’ ही पद्धत ठरवली. (रोमन लिपीत हे नाव ‘जे’नं सुरू होतं, उच्चार ‘य’चा, शोधताना ध्यानात ठेवा.) आजचे बहुतेक ऑनलाइन कोश आणि कीबोर्ड यूतपिंगवर चालतात. म्हणून मन लावून शिकावी ती हीच. येल नुसती वाचता आली तरी पुरे.

मराठी माणसाला या प्रकरणात एक घबाड मिळालेलं आहे आणि त्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत येणं शक्यच नाही. कँटोनीजमध्ये प-फ, त-थ, क-ख असा भेद आहे. ब, द, ग नाहीत. यूतपिंग मात्र ‘प’साठी रोमन ‘बी’ आणि ‘फ’साठी ‘पी’ वापरते, कारण इंग्रजी वाचकाला ते जवळचं. इंग्रजी माणूस या जोड्या सोडवण्यात वेळ घालवतो. आपण प-फ, क-ख बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. ‘चाक’ आणि ‘चमचा’ यातला दंततालव्य च कँटोनीजमध्ये आहे. त्यालाच हकार जोडला की दुसरा वर्ण होतो. अ आणि आ यांतल्या फरकावर तिथे अर्थ बदलतो: ‘सम्’ म्हणजे हृदय, ‘साम्’ म्हणजे तीन, ‘कइ’ म्हणजे कोंबडी, ‘काइ’ म्हणजे रस्ता. आणि बाराखडीत ज्याच्या नावानं एकही चित्र नसतं तो बिचारा ङ! कँटोनीजमध्ये ‘मी’ म्हणायचं तर सुरुवातच त्यानं करावी लागते: ‘ङॉ’. तेव्हा पहिले काही दिवस शब्द देवनागरीत लिहून घ्यायला हरकत नाही. रोमन अक्षरांच्या फसव्या ओळखीपासून तेवढी सुटका होते.

अडचणी आहेत त्या दुसरीकडे. ओठ गोल करून जीभ पुढे नेल्यावर निघणारे काही स्वर आपल्याकडे नाहीत. ‘हाँगकाँग’ या नावातल्या पहिल्या अवयवातच त्यातला एक आहे. शब्दाच्या शेवटी येणारे प्, त्, क् नुसते अडवायचे असतात, सोडायचे नसतात. दहाला ‘सप्’ म्हणताना ओठ मिटले की काम संपलं. आणि मुख्य म्हणजे सूर. ते सहा आहेत; जुन्या हिशेबात नऊ सांगतात, पण त्यातले तीन म्हणजे याच अडवलेल्या व्यंजनांनी संपणारे अवयव. ‘सी’ या एकाच अवयवाचे सुरागणिक कविता, इतिहास, परीक्षा, वेळ, बाजार आणि बाब असे अर्थ होतात. पुस्तकात हे मजेचं वाटतं. मंडईत खालून वर चढणारा ‘माइ’ म्हणजे विकत घेणं आणि खालच्याच पट्टीत सपाट राहणारा ‘माइ’ म्हणजे विकणं, हे कळतं तेव्हा मजा ओसरते.

सुरांसाठी एक अनपेक्षित साधन म्हणजे गाणी. कँटोनीज गीतकार चालीवर शब्द बसवतात तेव्हा शब्दाचा सूर आणि चालीचा चढउतार जुळवावाच लागतो. नाही जुळला तर भलताच शब्द ऐकू येतो. त्यामुळे गाणं ऐकताना सुरांची चढण-उतरण आपोआप कानात बसते. मात्र गाण्यांचे शब्द बहुतेक वेळा त्या लिखित चिनीतले असतात. सूर गाण्यातून घ्यावेत, वाक्यं घेऊ नयेत.

वाक्यं घ्यावीत ती सिनेमातून. या सिनेमाचीही एक गंमत आहे. सत्तरीच्या सुरुवातीला कँटोनीज सिनेमा जवळपास बंद पडला होता. हाँगकाँगची मोठी चित्रसंस्था मँडरिनमध्येच चित्रपट काढत होती, खुद्द ब्रूस लीचे तिथले गाजलेले चित्रपट मँडरिनमध्ये लागले. मग १९७३ मध्ये ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ आला. एका पडक्या वाड्यातली बिऱ्हाडं, खाष्ट घरमालकीण, पाण्याच्या नळावरची भांडणं. ‘बटाट्याची चाळ’ वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. हा चित्रपट कँटोनीजमध्ये होता आणि हाँगकाँगच्या तिकीटखिडकीवर त्या वर्षी त्यानं ‘एंटर द ड्रॅगन’लाही मागे टाकलं. कँटोनीज सिनेमाची गाडी तिथून पुन्हा रुळावर आली. घरगुती भांडणातली, टोमण्यांतली, उसनवारीतली भाषा ऐकायची तर असे चित्रपट पाठ्यपुस्तकाच्या चार पावलं पुढे आहेत. त्याआधीच्या, विसाव्या शतकाच्या मध्यातल्या कृष्णधवल चित्रपटांतले संवाद उतरवून हाँगकाँगच्या अभ्यासकांनी त्यांचा शोधता येईल असा संग्रहही केला आहे.

पाठ्यपुस्तक आणि रस्ता यांच्यातलं अंतर सांगायला एकच प्रसंग पुरे. हाँगकाँगच्या मिनीबसमध्ये बसलात की कित्येक गाड्यांत घंटी नसते. थांबायचं तर ओरडून सांगावं लागतं: ‘काइ हउ यउ लॉक्’, म्हणजे कोपऱ्यावर उतरणार आहे. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. ऐकू आलं तर हात वर करतो. गाडी भरधाव, कोपरा जवळ येतोय, आणि अशा वेळी सहा सुरांचा तक्ता आठवून चालत नाही. हे वाक्य सगळ्या पुस्तकांत नसतं, पण राहायला गेलेल्याला पहिल्या आठवड्यात लागतं. तीच गोष्ट ‘नेइ होउ’ या नमस्काराची. पुस्तक ‘नेइ’ शिकवतं, रस्त्यावर बहुतेक जण ‘लेइ’ म्हणतात. ‘ङॉ’चा ङ गळून ‘ऑ’ होतो. शुद्धतावादी या उच्चारांना आळशी म्हणतात. शिकणाऱ्यानं या वादात पडू नये. म्हणावं पुस्तकासारखं, ऐकायची तयारी दोन्हीची ठेवावी.

वाक्याच्या शेवटी येणारी अव्ययं हा आणखी एक प्रांत. इंग्रजी पुस्तकं यांच्यापुढे हात टेकतात, कारण त्यांच्याकडे तशी वस्तूच नाही. आपल्याकडे ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बरं का’, ‘म्हणे’ आहेत. ‘तो येणार आहे म्हणे’ यात बोलणारा जसा बातमीची जबाबदारी झटकून मोकळा होतो, तसंच कँटोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी ‘वो’ लावून करता येतं; ‘असेल बुवा’ची छटा हवी तर ‘क्वा’. ही अव्ययं डझनावारी आहेत आणि त्यांच्याशिवाय बोललेली कँटोनीज कोरडी, तुसडी वाटते. मराठी माणसानं ती इंग्रजीतून समजून घेण्याचा खटाटोप करू नये; थेट मराठीशी ताडून पाहावीत. अशी मराठी टिपणं कुणी करून ठेवलेली नाहीत, हीच तर अडचण.

गेल्या दोन दशकांत मात्र शिकणाऱ्यांनी आणि भाषकांनीच पुष्कळ काम उभं केलं. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘वर्ड्‌स डॉट एचके’ हा लोकसहभागातून वाढणारा ऑनलाइन कोश माझ्या मते आजचं सर्वात महत्त्वाचं साधन आहे. त्यात शब्दाचा अर्थ कँटोनीजमध्येही दिलेला असतो आणि उदाहरणं बोलभाषेतली असतात. आधीच्या कोशांत कँटोनीज शब्दाचा अर्थ कँटोनीजमधूनच सांगावा हा विचार क्वचितच दिसतो. ‘कँटोडिक्ट’ हा त्याहून जुना. इंग्रजीतून शिकणाऱ्यांनी शिकणाऱ्यांसाठी केलेला. ‘प्लेको’ हे फोनवरचं कोश-अ‍ॅप मुळात मँडरिनचं, पण त्यात कँटोनीजची पुरवणी घालता येते. खऱ्या गप्पा कशा असतात ते पाहायचं तर १९९७-९८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांचा आणि रेडिओ कार्यक्रमांचा ‘हाँगकाँग कँटोनीज कॉर्पस’ मोफत उपलब्ध आहे. तो भाषाशास्त्रज्ञांसाठी केलेला, त्यामुळे दिसायला रुक्ष. पण माणसं वाक्यं अर्धवट कशी सोडतात, मध्येच इंग्रजी शब्द कसे टाकतात, हे त्याच्याइतकं प्रांजळपणे कुठलंही पाठ्यपुस्तक दाखवत नाही.

राजकारणाबद्दल थोडक्यात. जुलै २०१० मध्ये ग्वांगझौच्या टीव्हीवरचे कार्यक्रम मँडरिनमध्ये करावेत अशी सूचना पुढे आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या शिक्षणखात्याच्या संकेतस्थळावर कँटोनीज ही अधिकृत भाषा नसल्याचा मजकूर दिसला. गदारोळ झाल्यावर तो काढावा लागला. कँटोनीजच्या जपणुकीसाठी काम करणारा हाँगकाँगमधला ‘कॉङ यू हॉक्’ हा गट २०२३ मध्ये बंद झाला. त्याच्या लेखनस्पर्धेतल्या एका काल्पनिक कथेवरून राष्ट्रीय सुरक्षा पोलिसांनी गटाच्या प्रमुखाच्या जुन्या घराची झडती घेतली होती. तिकडे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कँटोनीज वर्गांवर कपातीची कुऱ्हाड आली, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी मोहीम चालवली आणि पुढे १० लाख डॉलरच्या देणगीतून त्या वर्गांना आधार मिळाला. शिकणाऱ्यानं यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी: एखादं साधन आवडलं, ते उतरवून ठेवायची परवानगी असेल, तर आजच उतरवून ठेवावं.

आपला यात काय संबंध, असं कुणी विचारील. मुंबईत माझगावला चिनी मंडळींचं एक छोटं मंदिर आहे, ‘सी यूप कून’, १९१९ मधलं. ‘सी यूप’ म्हणजे ग्वांगझौ ज्यात येतं त्या ग्वांगडोंग प्रांतातले चार जिल्हे, आणि तिथली बोली कँटोनीजची सख्खी बहीण. म्हणजे ती बोली बोलणारी माणसं डॉकयार्डच्या आसपास शंभर वर्षांपूर्वीच येऊन राहिली होती. उलट्या दिशेनं मुंबईचे पारशी व्यापारी कँटनला आणि मग हाँगकाँगला गेले. तिथला मोदी रोड, हाँगकाँग विद्यापीठाला सर होर्मसजी मोदींनी दिलेली मोठी देणगी आणि दोराबजी नवरोजींनी सुरू केलेली, पुढे स्टार फेरी झालेली बोटसेवा ही त्यांचीच नावनिशाणी. आज हाँगकाँगमध्ये सुमारे ४२ हजार भारतीय राहतात. त्यात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबंही आहेत. सेंट्रल या तिथल्या व्यापारी भागातल्या ऑफिसात इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभावतं, म्हणून मोठी माणसं कँटोनीजच्या वाटेला जात नाहीत. ज्यांना निवड नसते ते शिकतात. घरकामासाठी जाणाऱ्या इंडोनेशियन बायकांना निघण्यापूर्वीच प्रशिक्षण केंद्रांत कँटोनीज शिकवली जाते आणि त्यांच्यातल्या कित्येकजणी फर्डी बोलतात. भाषा अवघड आहे म्हणून येत नाही, या सबबीला त्यांचं उदाहरण पुरेसं आहे.

तिथल्या शाळांत शिकणाऱ्या भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी मुलांची अडचण निराळी. ती कँटोनीज बोलायला खेळताखेळता शिकतात. परीक्षेत त्यांना ती दुसरी, लिखित चिनी लिहावी लागते आणि तिथे गाडं अडतं. दुसरी भाषा म्हणून चिनी शिकणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासचौकट आखली गेली तीही २०१४ मध्ये. या मुलांना समोर ठेवून हाँगकाँगच्या भाषाशास्त्रज्ञांनी ‘टाइपडक’ नावाचा कीबोर्ड केला. यूतपिंगमध्ये टंकलं की अक्षरं सुचतात आणि प्रत्येक अक्षराशेजारी त्याचा अर्थ दिसतो: इंग्रजी, उर्दू, नेपाळी, इंडोनेशियन आणि हिंदीतही. एका खऱ्या गरजेतून झालेलं हे साधन आपल्यालाही जसंच्या तसं वापरता येतं. मराठी अर्थ त्यात नाहीत.

या पुस्तिकेच्या वापराबद्दल चार शब्द. कँटोनीज शब्द देवनागरीत दिले आहेत आणि सुराचा यूतपिंगमधला आकडा शब्दाच्या शेवटी: ‘माइ५’ घेणं, ‘माइ६’ विकणं. प्रस्तावनेत वाचन अडू नये म्हणून आकडे गाळले. पुढे मात्र आकड्याशिवाय शब्द पाठ करू नका. हलन्त चिन्ह असलेलं शेवटचं व्यंजन अडवायचं आहे. ङ हा सलग उच्चारायचा, ‘न्ग’ असा तोडायचा नाही. ज्या दोन-तीन स्वरांना देवनागरीत चिन्ह नाही तिथे जवळचं अक्षर घेऊन खाली रेघ मारली आहे. ते ध्वनिमुद्रण ऐकूनच घ्यावेत. प्रत्येक साधनाच्या नावापुढे ते कोणासाठी केलं होतं, हे कंसात दिलं आहे. पहिले दोन महिने परराष्ट्र खात्याच्या टेप आणि वर्ड्‌स डॉट एचके एवढंच वापरावं. चिनी अक्षरं त्यानंतर. सिनेमा पहिल्या दिवसापासून चालेल. फक्त उपशीर्षकांवर एक कागदाची पट्टी चिकटवून बघावा.